घरचं वजन धरत नाहीत

आमची कंपनी काय करते हे सांगण्याआधी मी आजही एक घोट पाणी पिते. माहेरी, ठाण्याला, 'इव्हेंट सपोर्ट' असं सांगून ठेवलं आहे. खरं सांगायचं तर आम्ही संडास भाड्याने देतो. साधेसुधे नव्हेत हो. पांढरेशुभ्र, चाकांवरचे, आत एसी, सोनेरी नळ, आरशाभोवती दिवे आणि हात पुसायला गुंडाळून ठेवलेले मऊ नॅपकिन. वाळवंटात शामियाने टाकून लग्नं करणाऱ्यांना, उंटांच्या शर्यती भरवणाऱ्यांना आणि थंडीत तंबू ठोकून राहणाऱ्यांना हे लागतात. इथे आखातात, मुसफ्फाच्या कारखानेवस्तीतल्या आमच्या यार्डातून ते निघतात आणि बहुतेक वेळा अल ऐनच्या वाटेला लागतात. ते ओढून नेण्याचं काम सदाभाऊंचं.

सदानंद मांडवकर, तालुका राजापूर. पन्नाशीचा शिडशिडीत माणूस, मिशी नियमाने काळी केलेली, शर्ट खोचलेला, डोळ्यांवर गॉगल. गावाला त्यांनी सांगितलंय की मी लग्नाच्या लाइनीत आहे. त्यामुळे राजापुरातल्या दोन-तीन मुलींच्या आयांनी त्यांना स्थळं बघायला सांगितली होती, असं ते स्वतःच हसत सांगतात.

आणि त्यांची गाडी. गाडी म्हणजे अमेरिकन पिकअप, पेट्रोलवर चालणारा, नाकासमोर उभं राहिलं तर बॉनेट माझ्या छातीला लागेल एवढा. आमच्या मालकीणबाई एमान, त्यांच्या वडिलांनी तो आपली बोट समुद्रापर्यंत ओढायला घेतला होता. वडील गेले, बोट विकली, पिकअप कंपनीत आला. सदाभाऊ त्यात बसले की बाहेरून फक्त गॉगल आणि मिशी दिसते. पण गाडी चालवतात अशी, की मागे अडीच टनांचा सोनेरी नळांचा डबा आहे हे रस्त्याला कळू नये.

मी विभावरी. ऑफिसात खरेदी, बिलं, परवाने आणि कॉफीचं मशीन हे सगळं माझ्या गळ्यात. राहते डिस्कव्हरी गार्डन्सला, रोज तासभर गाडी हाकत मुसफ्फाला येते, त्यामुळे सकाळी माझं डोकं तापलेलं असतं हे यार्डात सगळ्यांना माहीत आहे. एमान बडी मॅडम आणि मी छोटी मॅडम, ही नावं सदाभाऊंचीच.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला बडी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर पेट्रोलची बिलं पसरलेली.

"विभा, ये गाडी पेट्रोल पीती नहीं, इसमें नहाती है," त्या म्हणाल्या.

मी मनातल्या मनात हिशेब केला. लिटरला जेमतेम अडीच किलोमीटर. एका अल ऐनच्या फेरीचे दिरहम मी रुपयात करून पाहिले आणि लगेच तो आकडा डोक्यातून पुसून टाकला. अशा वेळी रुपयात करू नये.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. हिवाळा संपेपर्यंत गाडी लिटरला साडेतीनवर आली पाहिजे. नाही आली तर गाडी विकायची आणि डबे ओढायचं काम बाहेरच्या ट्रान्सपोर्टला द्यायचं. सदानंद यार्डात डबे धुवायला राहू शकतो. नसेल राहायचं तर त्याला सन्मानाने घरी पाठवू. त्या वाईट बाई नाहीत. उलट गाडीचं बोलताना त्यांचा आवाज थोडा बसला, वडिलांची गाडी ना. पण त्या परदेशात शिकून आल्यात आणि तिकडे दुःखाचासुद्धा तक्ता करायला शिकवत असावेत.

मी बाहेर येऊन सदाभाऊंना सांगितलं. त्यांनी गॉगल काढला. गॉगल काढलेले सदाभाऊ मी त्याआधी पाहिले नव्हते.

"धुवायला?" ते म्हणाले. "मॅडम, एवढी वर्षं मी ते फक्त ओढले. आतलं कधी बघितलं नाही. मला वाटतं म्हणूनच मी टिकलो."

"मग आणू या साडेतीनवर."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि बाजूला जाऊन त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. म्हणून मी ओरडले, "आणि आधी ते इंजिन बंद करा! किती वेळ चालू ठेवलंय?"

तिथूनच आमच्या मोहिमेला सुरुवात झाली. कारण सदाभाऊंचं इंजिन कधी बंदच नसायचं. चहा प्यायला उतरले तरी चालू. अल ऐनला डबा लावून तीन-तीन तास वाट बघत बसले तरी चालू, आत एसी घुमतोय.

"सीटं तापतात," ते म्हणाले.

"हिवाळा आहे सदाभाऊ."

"गणपतीला उकडतं."

डॅशबोर्डवर चिकटवलेला एक चिमुकला गणपती होता खरा. मी गणपतीला काचेवर लावायचा चंदेरी पडदा आणून दिला आणि देवाच्या नावाने जाळलं जाणारं पेट्रोल थांबवलं.

मग निघालं पेट्रोलच्या जातीचं. सदाभाऊ गाडीत कायम सर्वांत महागडं 'सुपर' भरायचे. मी गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं की या इंजिनाला साधं पेट्रोल चालतं, महागडं घालून एक मीटरसुद्धा जास्त जात नाही. त्यांचा चेहरा असा झाला, की मी घरातल्या कर्त्या माणसाच्या पानातलं साजूक तूप काढून घेतलंय. पहिल्यांदा साधं भरलं त्या दिवशी ते पंपावरच्या माणसाकडे पाठ करून उभे होते. ह्याने किलोमीटर वाढले नाहीत, बिल मात्र उतरलं.

टायरच्या हवेवरून आमचं भांडण झालं. ते अंगठ्याने दाबून हवा बघायचे. मी मीटर आणला. मागची दोन्ही चाकं निम्म्या हवेवर निघाली.

"हवा कमी असली की गाडी मऊ चालते," ते म्हणाले.

"मऊ चालायला आत पाळणा आहे का?"

दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर जेवढी लिहिली आहे तेवढी हवा आम्ही भरली. गाडी लगेच दोन बोटं उंच झाली. पण गियरजवळचं ते बटण! ओझं ओढताना दाबायचं असतं ते. दाबलं की गियर उगाच वरखाली होत नाही, इंजिनाची दमछाक कमी होते. ते बटण सदाभाऊंनी इतक्या वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. का, तर त्यांना वाटलं होतं की ते संकटसमयीचं आहे. "म्हटलं उगाच कशाला वाया घालवा," ते म्हणाले. आपल्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या अशाच कपाटात म्हाताऱ्या होतात.

वेग त्यांनी आपणहून कमी केला. अल ऐनच्या रस्त्यावर मागून लोक दिवे मारायचे, बाजूने जाताना हातवारे करायचे. सदाभाऊ खिडकीतून हात जोडायचे. "मी म्हणतो, यल्ला, जा बाबा तू. माझी नोकरी पेट्रोलच्या काट्यावर आहे."

सगळ्यांत मोठं घबाड मात्र मागच्या डब्यात सापडलं, आणि ते मी सांगणार नव्हते पण सांगते. डब्याच्या पोटात दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत काय ते तुम्हाला कळलंच असेल. सदाभाऊ मुसफ्फाहून स्वच्छ पाणी काठोकाठ भरून न्यायचे, आणि येताना दुसरी टाकी काठोकाठ भरून आणायचे. म्हणजे अल ऐनच्या खानदानी पाहुण्यांचा ऐवज आम्ही पेट्रोल जाळून सन्मानाने मुसफ्फाला आणत होतो.

"अहो, तिथं टँकर येतो ना उपसायला?"

"येतो. पण वाट बघायला लागते. आणि परत येताना गाडी रिकामी बरी नाही वाटत."

त्या दिवसापासून पाणी तिथे भरायचं आणि तिथलं तिथेच उपसून यायचं असा हुकूम निघाला. जोडीला मी गाडीतलं जास्तीचं सगळं काढायला लावलं. दोन जादा जॅक, साखळ्या, एक मेलेली बॅटरी, ऑइलचे डबे, तिसरा स्टेपनी टायर. केबिनवरची लोखंडी जाळी वारा अडवत होती, तीही उतरवली. सदाभाऊंनी तर नवऱ्या मुलाच्या उत्साहाने डॅशबोर्डवरचा वाळका नारळसुद्धा काढला. मग प्रत्येक फेरीला मी फाटकात उभी राहायचे आणि विचारायचे, "गाडीत जास्तीचं काही?"

"काही नाही, मॅडम. मी आणि गणपती."

अडीचाचे तीन झाले. तीनाचे सव्वातीन झाले. आणि मग काटा तिथेच बसला. जानेवारी गेला, फेब्रुवारी निम्मा झाला, काटा हलेना. मी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, चाकांचं अलाइनमेंट केलं. सदाभाऊ इतके हळू चालवू लागले की एका लग्नात डबा पोचला तेव्हा पाहुणे अवघडून उभे होते. तरी सव्वातीन. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. बडी मॅडमनी एक दिवस गाडीचे फोटो काढून नेले. विकायच्या जाहिरातीसाठी, हे मला आणि सदाभाऊंना दोघांनाही कळलं.

माझा नवरा कुशल इंजिनिअर आहे आणि सोफ्यावर बसून जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण सांगू शकतो. त्या रात्री जेवताना मी चिडचिड करत होते. तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "वजन केलंस का गाडीचं? डॉक्टरसुद्धा आधी काट्यावर उभं करतो."

मला राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा सोडून नुसती गाडी वजनकाट्यावर नेली. मुसफ्फात भंगाराच्या गाड्या तोलायचा काटा आहे, तिथे. सदाभाऊंना उतरवलं, मी उतरले. गाडीच्या मुल्कियावर, म्हणजे आरसी बुकासारखं जे कार्ड असतं त्यावर, रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं. काट्याचा आकडा त्याच्यापेक्षा तब्बल सहाशे किलोने जास्त.

"काटा खोटा आहे," सदाभाऊ ताडकन म्हणाले. "हे काटेवाले भंगारवाल्यांना सामील असतात."

काटेवाल्याने नाराज होऊन शेजारचा एक फोर्कलिफ्ट तोलून दाखवला. काटा खरा होता.

मी गाडीभोवती फिरले. केबिन रिकामी. हौदा रिकामा. मग मी पदर नसताना पदर खोचला आणि हौद्यात चढले. खाली फळ्या होत्या, छान रंधा मारलेल्या, पिवळ्या रंगाच्या, एकजीव बसवलेल्या. त्या मी वर्षानुवर्षं बघत आले होते. सँडलची टाच आपटली. फळीचा आवाज पोकळ यायला हवा होता, तो भरीव आला.

"सदाभाऊ, ह्याच्या खाली काय आहे?"

ते खाली बघत होते. गॉगल पुन्हा हातात.

"सदाभाऊ."

"लादी," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच वर चढून फळ्या उचलल्या. खाली, हौद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, संगमरवर. पांढरा, पिवळसर, राखाडी शिरांचा, हिरवा, काळा. वेगवेगळ्या आकारांचे तुकडे, प्रत्येकाला जुन्या चादरीचा कपडा गुंडाळलेला, मध्ये पुठ्ठे घातलेले. अंड्यांच्या टोपलीत ठेवतात तसे.

मला माहीत होतं की सदाभाऊ लादी जमवतात. सगळ्या यार्डाला माहीत होतं. आमच्या शेजारी यूनुसभाईंचं संगमरवर कापायचं वर्कशॉप आहे. ते पेशावरकडचे. बंगल्यांची कामं झाली की उरलेले तुकडे ते बाहेर टाकतात, आणि सदाभाऊ त्यातले निवडून घेतात. गावच्या घराच्या ओटीला घालायला. ओटीवर अजून साधा कोबा आहे आणि रुपालीवहिनी दर वर्षी त्याला गेरूचा हात देतात, हेही मला पाठ होतं. पण मला वाटायचं की तुकडे वेळोवेळी गावी जातात.

"तुम्ही नारळ काढलात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "नारळ! आणि हे सहाशे किलो काढलं नाहीत? मी रोज फाटकात उभी राहून विचारत होते, जास्तीचं काही? आणि तुम्ही म्हणत होतात, मी आणि गणपती!"

"हे जास्तीचं नाही ना मॅडम," ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की मला कळेना ओरडावं का हसावं. "हे सामान नाही. हे घर आहे. घरच्या वस्तूचं कोणी वजन धरतं का?"

काटेवाला माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरले.

परत येताना मी त्यांच्या शेजारी बसले. मला राग त्यांचा येत होता आणि कणव गाडीची येत होती. त्या बिचारीने एका कोकणी घराची ओटी मुसफ्फा ते अल ऐन आणि अल ऐन ते मुसफ्फा किती वेळा वाहिली असेल, कोणाला ठाऊक.

"तुमच्या लेबर कॅम्पात का नाही ठेवलं?" शेवटी मीच विचारलं.

"कॅम्पात खाटेखाली एक पेटी ठेवू देतात. जास्त दिसलं की इन्स्पेक्शनला बाहेर फेकतात. हीच जागा होती, मॅडम." त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "ही पण माझी नाही म्हणा."

मी यूनुसभाईंकडे गेले. म्हटलं, हे तुमचंच दिलेलं, तुम्ही तरी काही दिवस ठेवून घ्या. यूनुसभाई दाढीवरची पांढरी भुकटी झटकत हसले.

"रख तो लूँगा बहनजी, लेकिन रखना क्यों? इसका फर्श तो पिछले साल ही पूरा हो गया. मैंने खुद नाप के बोला, सदा, बस, खलास, अब भेज दे. बोलता है, एक टुकड़ा और."

सदाभाऊ माझ्या मागेच उभे होते. मी वळून बघितलं.

"खरं आहे?"

"पाठवली की झालं ना, मॅडम," ते म्हणाले. "आता मी गाडीत बसतो तेव्हा वाटतं, घर मागे आहे. सिग्नलला ब्रेक मारला की खाली जरा वाजतं. रुपालीला फोनवर म्हणतो, आत्ता आपली ओटी हायवेला आहे. ती हसते. ओटी एकदा गेली की मागे काय उरलं? संडास."

माझ्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये ठाण्याच्या आईने दिलेली पोळपाट-लाटणी आहेत, तीन जोड, एक वापरते. त्यांना किती वजन आहे हे मीही कधी विचारलेलं नाही.

पण हिवाळ्याचे थोडेच दिवस उरले होते आणि मी मोहिमेची सेनापती होते. म्हटलं, "सदाभाऊ, लादी गाडीत राहिली तर गाडी जाईल. गाडी गेली की लादीही रस्त्यावर येईल. दोन्ही वाचवायची असतील तर लादी घरी जायला पाहिजे."

त्यांनी टायर अंगठ्याने दाबून बघितला. मग म्हणाले, "एकदा मांडून बघू दे. मी पण सगळी एकत्र कधी पाहिली नाही."

शुक्रवारी दुपारी यार्डाच्या कोपऱ्यात, धुवायच्या डब्यांच्या मागे, वाळू सारखी करून त्यांनी आणि यूनुसभाईंनी ओटी मांडली. सदाभाऊंनी खडूने फळीवर लिहून उंबरा कुठे, खांब कुठे, तुळस कुठल्या बाजूला हे ठरवलं. मधोमध हिरव्या तुकड्यांचं कमळ होतं, यूनुसभाईंनी पाकळ्या कापून दिलेलं. उंबऱ्याला लागून एक लहानसा गुलाबी तुकडा, त्यात राखाडी शीर. "हा पहिला," सदाभाऊ म्हणाले. "ह्याच्यावरून सगळं सुरू झालं."

मांडून झालं आणि मी पुढे पाऊल टाकणार, तर आपोआप सँडल काढले. मुसफ्फाच्या वाळूत! माझं बघून यूनुसभाईंनी चपला काढल्या. डबे धुणारी पोरं आली, त्यांनी गमबूट काढले. आम्ही सगळे अनवाणी त्या थंडगार लादीवर उभे होतो आणि सदाभाऊ एकेकाला "या, बसा, बसा" म्हणत होते. खरंच म्हणत होते. एकाला तर त्यांनी "पाणी?" असंसुद्धा विचारून घेतलं.

तेवढ्यात बडी मॅडमची गाडी आत आली. त्यांनी आधी वाळूतली चपला-बुटांची रांग बघितली, मग आम्हाला.

"ये क्या है?"

"मॅडम, मेरा घर," सदाभाऊ म्हणाले. "मतलब, घर का आगे का. ओटी. किचन वगैरे नहीं. मेहमान आता है, इधर बैठता है. कॉफी पीता है, बात करता है."

"मजलिस!" बडी मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी आपले उंच टाचांचे सँडल काढून रांगेत नीट ठेवले आणि अबाया सावरत लादीवर आल्या. कमळाकडे वाकून बघितलं. पाकळीवरून बोट फिरवलं.

मग मी सगळं सांगितलं, वजनकाट्यासकट. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो ये मजलिस मेरे बाबा की गाडी में घूमती थी?"

"जी."

"और पेट्रोल मेरा?"

यूनुसभाई आकाशाकडे बघू लागले.

बडी मॅडमनी ओठ दाबले. मला वाटतं त्या हसू दाबत होत्या, पण तक्ते वाचणाऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही. "बाबा बोट खींचते थे, तब भी पीछे बहुत सामान होता था," त्या म्हणाल्या. "अम्मी चिल्लाती थी." मग त्यांनी सँडल घातले. "भेजो इसको घर. यल्ला. फिर देखेंगे गाडी कितना पीती है. नंबर वही रहेगा, विभा."

लादी बोटीने गेली. सदाभाऊंनी स्वतःच्या खर्चाने पाठवली, मला त्यात बोलू दिलं नाही. प्रत्येक तुकडा पुन्हा चादरीत गुंडाळला. कार्गोवाल्याच्या टेम्पोमागे ते फाटकापर्यंत चालत गेले आणि टेम्पो वळल्यावरही थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग येऊन म्हणाले, "मॅडम, टायरची हवा आता कमी करायला लागेल ना? मागे वजन नाही." मी पट्टीवर बघून सांगितलं की डबा जोडल्यावर तेवढीच लागते. "असं," ते म्हणाले.

पुढच्या फेऱ्यांना गाडी उड्या मारत गेली म्हणे. सदाभाऊंची सवय मोडली होती, हलक्या गाडीला ब्रेक नको तितका जोरात लागायचा. ते स्वतः मात्र जड झाले होते. चहा पिताना बोलायचे नाहीत. फाटकात मी विचारायचे, "जास्तीचं काही?" तर नुसती मान हलवायचे. गणपतीचंही नाव नाही. त्यापेक्षा सव्वातीन बरं होतं असं माझ्या मनात आलं, आणि मोहिमेच्या सेनापतीने असा विचार करणं चांगलं नव्हतं.

शेवटच्या लग्नाहून गाडी परत आली. मी महिन्याभराचे किलोमीटर आणि लिटर मांडले. पुन्हा मांडले, कारण माझा विश्वास बसेना. साडेतीन. काठावर, पण साडेतीन. बडी मॅडमनी कागद बघितला, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर गाडीची जाहिरात पुसून टाकली. मी पळत यार्डात गेले. सदाभाऊंना सांगितलं. त्यांनी बॉनेटवर डोकं टेकलं, आणि मी ह्या वेळी ओरडले नाही, इंजिन चालू होतं तरी.

उन्हाळा लागता लागता रुपालीवहिनींचा फोन आला. व्हिडिओवर. जेवणाची सुट्टी होती. सदाभाऊ धावत माझ्या केबिनमध्ये आले, "छोटी मॅडम, बघा, बघा, घातली!"

मी वहिनींना पहिल्यांदाच बघत होते. ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा, नजर थेट. त्यांनी फोन फिरवला आणि ती ओटी दिसली. आमच्या वाळूतली तीच, पण आता भिंती होत्या, खांब होता, दारात तुळस होती, आणि एक मांजर बरोबर कमळावर झोपलेलं.

"छान झाली हो," मी म्हणाले. "अगदी छान." मग उंबऱ्याजवळ मला एक चौकोन दिसला. रिकामा. खाली नुसतं सिमेंट. "तिथं काय झालं? तुटला का तुकडा?"

"तुटायला आला तर पाहिजे ना," वहिनी म्हणाल्या. "तो तिकडंच आहे ह्यांच्याकडं. येताना स्वतः घेऊन येणार म्हणाले. गवंडी म्हणत होता, सिमेंट भरून टाकतो. मी म्हटलं, नको. राहू दे तसंच. जाता-येता अंगठा अडकतो त्यात. अडकू दे."

मी सदाभाऊंकडे बघितलं. त्यांनी गॉगल घातलेला होता. केबिनच्या आत.

"बरं हां, ठेवतो," ते फोनमध्ये म्हणाले. "गाडी काढायची आहे."

दुपारी अल ऐनची फेरी होती. डबा जोडला, हवा बघितली, बटण दाबलं. मी फाटकात जाऊन उभी राहिले. गाडी माझ्याजवळ येऊन थांबली आणि काच खाली झाली.

"गाडीत जास्तीचं काही?"

सदाभाऊंनी सीटखाली हात घातला. चादरीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून मांडीवर ठेवलं. फडक्याच्या कोपऱ्यातून गुलाबी कड दिसत होती.

"आहे, मॅडम," ते म्हणाले. "दोनेक किलो असेल."

मी फाटक उघडलं.

"घरचं वजन धरत नाहीत," मी म्हटलं. "निघा."